अडगळीतली फटफटी

प्रत्येक घरात काही वस्तू अशा असतात, की त्या टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी असलेली जुनी जावा मोटारसायकल त्यांतलीच एक. दर दिवाळीच्या साफसफाईत तिचा विषय निघतो. "यंदा भंगारवाल्याला देऊन टाकू," असे एक पक्ष म्हणतो, "बाबांची गाडी आहे ती!" असे दुसरा. आणि मग गोणपाट झटकून पुन्हा तिच्यावरच घातले जाते.

नावाची कथा मोठी गमतीची आहे. १९२९ साली जानेचेक या झेक कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायचा हक्क घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' तयार झाली. जावाबेटाशी, किंवा घरातल्या जावांशी, तिचा काडीचाही संबंध नाही! आपल्याकडे रुस्तम व फारूख इराणी यांच्या म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून ती बाहेर पडू लागली. १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव बाजारात परतले खरे, पण नव्या गाडीचे इंजिन अगदीच निराळ्या जातीचे. त्याचे भाग जुनीला चालत नाहीत.

तेव्हा जुनी उठवायची, तर पहिला मोह आवरायचा तो किक मारण्याचा. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात. जोर केला की कडी तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि पन्नास रुपयांच्या तेलात भागणारे काम हजारोंवर जाते. स्पार्क प्लग काढावा, भोकातून थोडे पातळ ऑईल सोडावे आणि दोन-चार दिवस गाडीकडे फिरकूही नये. मग हलक्या हाताने किक दाबून पाहावी. (जावाची किक आणि गिअरचा दांडा एकच! नवख्याची हमखास फजिती होते.)

टाकीतले पेट्रोल ओतून टाकावे; त्याचा वास वार्निशासारखा येतो आणि कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये त्याची खळ बसलेली असते. टाकीत गंज असेल, तर मूठभर नट-बोल्ट घालून ती हलवावी. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून यापुढेही ते टाकीत महिनोन्महिने ठेवू नये.

खरी गोम मात्र क्रँकच्या रबरी सीलमध्ये. या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आधी पिस्टनखालच्या कोठीत येते आणि तिथून वर ढकलले जाते. कोठी हवाबंद नसेल, तर सगळा खेळ खलास. सुकलेल्या सीलमधून हवा आत शिरली, की मिश्रण विरळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. दुसऱ्या बाजूचे सील गेले, तर गिअरचे ऑईल आत ओढले जाऊन धुराचे लोट निघतात. सील स्वस्त, पण इंजिन उघडायची मजुरी मोठी. आणि तो हात असलेले मिस्त्री आता शोधावे लागतात. तो सापडला, की घासाघीस करू नये, असे आमचे मत.

पॉइंट घासणे, केबली, ब्रेकचे लायनर, चाकांत नवे ग्रीस, ही कामे कोणीही करील. टायर मात्र नक्षी शाबूत दिसली तरी बदलावेतच. रंगाची घाई करू नये; वडिलांच्या हाताने झिजलेला टाकीचा रंग पुन्हा मिळत नाही.

कागदपत्रेही पाहावीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाच्या नावे करून घ्यावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही.

शेवटी लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर टू-टी ऑईल पेट्रोलात मिसळावे आणि गाडी मोकळ्यावर न्यावी. सायलेन्सरमध्ये साठलेले जुने तेल जळेपर्यंत धूर होणारच. शेजारच्या वहिनींना दोरीवरचे कपडे आधी काढायला सांगावे.