पोलिसश्रेष्ठ रुस्तमजी आणि कच्चे कैदी

पोलिस अधिकाऱ्याची थोरवी आपण बहुधा त्यानें पकडलेल्या गुन्हेगारांवरून मोजतों. मुलुंडसारख्या उपनगरांतील सुशिक्षित गृहस्थाची पोलिसांशीं गांठ पडते ती पारपत्राच्या चौकशीपुरती, घरफोडीच्या फिर्यादीपुरती किंवा गणेशविसर्जनाच्या बंदोबस्तापुरती. चोर सांपडला, कीं त्याच्या लेखीं प्रकरण संपलें. मुलुंडच्या पुढचेंच स्टेशन ठाणें. तेथील जुन्या किल्ल्याच्या तटांत मध्यवर्ती कारागृह आहे. अशा तटाआड गेलेल्या माणसाचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच उद्भवतो. आज ज्या पोलिसश्रेष्ठांची हकीकत सांगावयाची आहे, त्यांनीं नेमका हाच प्रश्न विचारला.

खुसरो फरामुर्झ रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजीं नागपूरजवळच्या कामठीस एका पारशी कुटुंबांत झाला. विदर्भ तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांत मोडत असे. त्याच प्रांताच्या पोलिसदलांत ते १९३८ सालीं दाखल झाले. दहा वर्षांच्या आंतच सत्तापालट झाला आणि परक्या सरकारचा अधिकारी स्वराज्याचा सेवक बनला. धनी बदलला; परंतु १८६१ चा पोलिस कायदा तोच, ठाणें तेंच आणि लाठीही तीच राहिली. प्रजेवर धाक बसविण्यासाठीं उभारलेलें हें यंत्र नागरिकांच्या सेवेस कसें लावावें, हा पेंच त्या पिढींतील प्रत्येक अधिकाऱ्यापुढें होता.

१९५२ पासून १९५८ पर्यंत पंतप्रधान नेहरूंच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी रुस्तमजींवर होती. नेहरूंना गर्दींत शिरण्याची भारी हौस, आणि पहारा त्यांना जाचक वाटे. मार्च १९५५ मध्यें नागपुरांत एक माणूस चाकू घेऊन त्यांच्या मोटारीवर चढला, तेव्हां हें काम किती जोखमीचें होतें तें दिसून आलें. त्यानंतर १९५८ ते १९६५ या काळांत रुस्तमजी मध्य प्रदेशाचे पोलिसप्रमुख होते. चंबळच्या घळींत दरोडेखोरांचा उच्छाद मांडलेला होता. लोकांचीं नाकें कापणारा कुप्रसिद्ध गब्बरसिंग १९५९ च्या नोव्हेंबरांत मारला गेला, तो याच कारकीर्दींत.

एप्रिल १९६५ मध्यें पाकिस्तानी सैन्यानें कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला केला. सरहद्दीचा पहारा निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे विखुरलेला असणें धोक्याचें आहे, हें त्यामुळें सरकारला पटलें. १ डिसेंबर १९६५ रोजीं सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली व त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी झाले. वेगवेगळ्या प्रांतांच्या, वेगवेगळ्या रीतीभातींच्या पलटणींतून त्यांनीं एक दल घडविलें. १९७१ च्या बांगला मुक्तिसंग्रामांत त्या दलानें मोठी कामगिरी बजावली. १९७४ पर्यंत ते त्या पदावर होते.

येथेंच ही हकीकत संपती, तरी एक यशस्वी कारकीर्द म्हणून ती पुरेशी झाली असती. परंतु त्यांचें सर्वांत मोठें कार्य याच्या पुढचें आहे. १९७७ सालीं धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला गेला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. गोरे त्याचे एक सभासद होते व रुस्तमजी दुसरे. आयोगाच्या कामानिमित्त बिहारांत गेले असतां रुस्तमजींनीं तेथील तुरुंग पाहिले. आंत खितपत पडलेल्या अनेकांवर गुन्हा शाबीत झालेलाच नव्हता. शिक्षा झाली असती तर जितकीं वर्षें भोगावी लागतीं, त्याहून अधिक वर्षें कित्येकांनीं चौकशीवांचून काढलीं होतीं. कांहीं स्त्रिया तर आरोपीही नव्हत्या. केवळ साक्षीदार म्हणून, ‘संरक्षणा’च्या नांवाखालीं, त्यांना कोंडून ठेवलें होतें.

अशा बंद्यांस आपण कच्चे कैदी म्हणतों. कायदा त्यांना निर्दोष समजतो आणि तरीही तुरुंग त्यांना सोडीत नाहीं. याचें कारण साधें आहे : जामिनास पैसा नाहीं, वकील नाहीं, आणि तारखेची आठवण करून देणारें बाहेर कोणी नाहीं. रुस्तमजींनीं जानेवारी १९७९ मध्यें ‘इंडियन एक्सप्रेस’मध्यें हें सारें लिहून प्रसिद्ध केलें. त्या लेखांच्या आधारें पुष्पा कपिला हिंगोरानी या विदुषी वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तोच हुसैनारा खातून खटला. न्यायमूर्ती भगवती यांच्या न्यायासनानें निर्णय दिला, कीं सत्वर चौकशी हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीवित व स्वातंत्र्य यांच्या हक्काचाच भाग आहे. यांतून अखेर सुमारें ४०,००० कच्चे कैदी मुक्त झाल्याचें सांगतात, आणि लोकहितार्थ दाव्यांची प्रथाही येथूनच रूढ झाली.

कोणी म्हणेल, पोलिसानें कैद्यांचा कैवार घ्यावा, हें उलटेंच नव्हे काय? ज्या मुलुंड स्टेशनांत १३ मार्च २००३ रोजीं लोकलगाडींत स्फोट होऊन निरपराध प्रवासी मृत्युमुखीं पडले, तेथील लोकांस पोलिस कडक असावा असें वाटल्यास नवल नाहीं. परंतु रुस्तमजी मवाळ नव्हते. चंबळ आणि सरहद्द याला साक्ष आहेत. माणसाला पकडण्याची सत्ता ज्याच्या हातीं असते, त्यानें पकडलेल्यास विसरून जाणें हा त्या सत्तेचाच दुरुपयोग होय, हें त्यांच्या कृतीनें दाखविलें. शिवाय निरपराध माणूस आंत सडत असतां खरा गुन्हेगार बाहेर मोकळा असतो. म्हणजे यांत समाजाचेंही हित नाहीं.

१९९१ सालीं सरकारनें त्यांना पद्मविभूषण दिलें. पोलिस अधिकाऱ्यास हा मान विरळाच लाभतो. २००३ सालीं त्यांचें निधन झालें. मात्र प्रश्न सुटलेला नाहीं. २०२२ च्या अखेरीस भारतांतील सुमारें ५,७३,००० बंद्यांपैकीं ४,३४,००० कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांत तीन. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाप्रमाणें, प्रथमच आरोपी झालेल्यानें कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढल्यास त्यास सोडण्याची तरतूद आहे. देहांत वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस ती लागू नाहीं. मुदत भरतांच न्यायालयास तसें कळविण्याचा भार तुरुंगाधिकाऱ्यावर टाकलेला आहे.

कायदा आहे, न्यायालयाचा निर्णयही आहे. उणीव आहे ती तुरुंगांतील यादी उघडून, हा माणूस येथें अजून कां, असें विचारणाऱ्याची. तो प्रश्न विचारण्यास गणवेश लागत नाहीं, आणि अधिकारपदही लागत नाहीं. रुस्तमजींनीं तो विचारला, तेव्हां त्यांच्या हातीं केवळ लेखणी होती.