कृत्रिम श्वास : आधार आणि अपाय

‘रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवले आहे’ हे शब्द कानी पडताच घरच्या माणसांच्या पायांतील बळ जाते. कुणी म्हणतो, यंत्र लावले म्हणजे माणूस संपला. कुणी म्हणतो, यंत्र आहे ना, मग चिंता नाही. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊ या.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती व पोट यांमधील पडदा खाली सरकतो आणि हवा आत ओढली जाते. यंत्र मात्र हवा दाबाने आत ढकलते. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला व अनेकांचे प्राण वाचविले. तेथे मूळ दुखणे श्वासाच्या स्नायूंना चालविणाऱ्या मज्जापेशींचे होते.

फुप्फुसेच आजारी असतील तर प्रश्न वेगळा होतो. गंभीर न्यूमोनियात असंख्य वायुकोश पाण्याने भरतात व हवेसाठी थोडाच भाग उरतो. सगळी हवा त्या भागात शिरली की तेथील कोश अति ताणले जातात, त्यांच्या भिंतींना इजा होते आणि पाणी झिरपते. क्वचित कोश फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरते. काही कोश प्रत्येक श्वासागणिक मिटतात व उघडतात. त्यानेही इजा होते. दाह निर्माण करणारी द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडासारख्या अवयवांनाही त्रास देतात.

यावर उपाय काय? २००० साली अमेरिकेत अशा ८६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. हे वजन काट्यावरचे नव्हे, तर उंचीवरून काढलेले असते. कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस वाढत नाही. याखेरीज श्वास सोडल्यावरही थोडा दाब राखणे आणि गंभीर रुग्णास रोज बराच वेळ पालथे झोपविणे, हेही उपयोगी ठरले आहे.

तात्पर्य, यंत्र फुप्फुस बरे करीत नाही. बरे होण्यास अवधी मिळवून देते. ऐकीव गोष्टींवरून ते नाकारू नये. ‘हवा उंचीच्या हिशेबाने दिली जाते का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. आणि विज्ञान शाखेच्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की, मोठे यंत्रसुद्धा त्यामागील जाणत्या माणसाच्या मोजमापावर चालते.