तृतीयपंथीयांस सैन्यसेवेचा अधिकार



आमच्या रिसोडास पहाटे फिरावयास निघालेल्या माणसाच्या दृष्टीस एक देखावा हटकून पडतो. गावाबाहेरच्या रस्त्यांवर अठरा-वीस वर्षांची मुले धापा टाकीत धावत असतात. कोणी पोलीसभरतीसाठी, कोणी सैन्यभरतीसाठी. अशा कित्येक मुलांचे अर्ज मी शिक्षक असताना भरून दिले आहेत, व निवृत्तीनंतरही देतो. अर्जात वय, उंची, शिक्षण यांचे रकाने असतात, तसाच एक लहानसा रकाना लिंगाचा असतो. तो भरताना सहसा कोणी अडखळत नाही. परंतु याच रकान्यापाशी ज्यांची वाट संपते, अशीही माणसे आपल्या देशात आहेत. त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम तृतीयपंथी या शब्दाचा अर्थ पाहू. मूल जन्मास आले म्हणजे त्याचे शरीर पाहून मुलगा अथवा मुलगी अशी नोंद होते. बहुतेकांच्या बाबतीत ही नोंद आणि मोठेपणी होणारी स्वतःची आंतरिक जाणीव यांचा मेळ बसतो. काहींच्या बाबतीत तो बसत नाही. अशा व्यक्तींपैकी कोणी स्वतःस स्त्री समजतात, कोणी पुरुष, तर कोणी या दोहोंहून निराळे. बाजारात टाळी वाजवून पैसे मागणारी मंडळी एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. परंतु उपजीविकेची इतर दारे लागली म्हणजे माणूस उघड्या राहिलेल्या दारानेच जाणार, हे आपण विसरतो.

आता गणवेशातील दोन माणसांची हकीकत सांगतो. पहिली आपल्या नौदलातील आहे. सन २०१० मध्ये भरती झालेल्या एका नाविकाने रजेवर असताना लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने त्या व्यक्तीस सेवामुक्त केले. भरतीच्या वेळी जे लिंग होते ते आता राहिले नाही, व प्रचलित नियमांत अशा नोकरीस जागा नाही, असे कारण देण्यात आले. सात वर्षांच्या सेवेतील कर्तबगारी उणी पडली, असा आक्षेप त्या कारणात नव्हता.

दुसरी हकीकत बीड जिल्ह्यातील आहे. तेथील पोलीस दलात महिला शिपाई म्हणून लागलेल्या ललित साळवे यांनी त्याच वर्षी, म्हणजे २०१७ साली, शस्त्रक्रियेसाठी रजा व त्यानंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहण्याची अनुज्ञा मागितली. प्रथम नकार आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर मे २०१८ मध्ये राज्याच्या गृहखात्याने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळले होते. तेव्हा ही दोन प्रकरणे सर्वांशी सारखी नव्हेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु दोन्हीकडे अडचण एकच होती. अशा प्रसंगी काय करावे याचा नियमच नव्हता. एका ठिकाणी नियम नाही म्हणून माणूस गेला. दुसऱ्या ठिकाणी नियम नसताही वाट काढण्यात आली.

मग कायदा काय म्हणतो? दिनांक १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस समान नागरिकत्वाचे हक्क आहेत असा निर्णय दिला. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या नवव्या कलमात, नोकरीत, भरतीत व बढतीत त्यांच्याशी भेदभाव करू नये असे सांगितले. उलटपक्षी, सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या तेहतिसाव्या कलमाने संसदेस आहे. १९५० च्या भूसेना कायद्याचे बारावे कलम स्त्रियांच्या भरतीपुरते बोलते. सरकार अधिसूचनेने सांगेल त्या विभागांतच त्यांस प्रवेश. तृतीयपंथीयांचे त्यात नावही नाही. सारांश, संसदेने त्यांना विचारपूर्वक वगळले असे नव्हे. त्यांचा विचारच झाला नाही.

आपल्या परंपरेत मात्र तो झालेला दिसतो. महाभारतात पांडवांच्या सात अक्षौहिणींचे जे सात नायक सांगितले आहेत, त्यांत शिखंडी आहे. स्त्री म्हणून जन्मलेला हा वीर सर्वांच्या देखत रथी म्हणून लढला. त्याच्यावर शस्त्र न उचलण्याचे व्रत भीष्मांचे होते. पांडवांनी त्याला शिबिराबाहेर काढले नाही.

तथापि विरोधी पक्षाचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. बराकीत शेजारी शेजारी झोपावे लागते, तेथे खाजगीपणाचे काय? औषधोपचार चालू असलेला जवान हिमाच्छादित ठाण्यावर कसा राहील? शारीरिक कसोटी कोणती लावावी, पुरुषांची की स्त्रियांची? हे प्रश्न खरे आहेत. परंतु यांपैकी पहिला प्रश्न स्त्रियांच्या वेळीही विचारला गेला होता. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना उघडली, आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडली. सोय करावी लागली, ती झाली. उपचारांविषयी म्हणाल, तर अस्थिभंग झालेल्या जवानासही काही काळ हलके काम देतात व बरा झाल्यावर पुन्हा तपासतात. अपात्र ठरवावयाचे तर त्या तपासणीने ठरवावे, नावावरून नव्हे.

राहिला कसोटीचा प्रश्न. तोही सुटण्यासारखा आहे, हे आपल्याच राज्याने दाखविले. २०२२ च्या पोलीसभरतीत अर्जावर दोनच पर्याय होते. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा ठेवण्यास सांगितले. नियम नाहीत म्हणून हे अशक्य, असे म्हणत सरकार उच्च न्यायालयात गेले. डिसेंबरात न्यायालयाने कानउघाडणी करताच तिसरा पर्याय देण्याचे व फेब्रुवारी २०२३ अखेर शारीरिक चाचणीचे नियम करण्याचे सरकारने मान्य केले. छत्तीसगडच्या पोलीस दलात तर २०२१ सालीच तेरा तृतीयपंथी शिपाई निवडले गेले होते.

परदेशांकडे पाहिले तर नेदरलँड्सने १९७४ साली व कॅनडाने १९९२ साली आपली सैन्ये यांस खुली केली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी रँड या संस्थेने २०१६ साली केलेल्या पाहणीत असे अठरा देश मोजले, व सैन्याच्या सिद्धतेवर नगण्य परिणाम होईल असा निष्कर्ष काढला. परंतु त्याच अमेरिकेत २०१६ साली उघडलेले दार २०१९ साली मिटले, २०२१ साली उघडले व २०२५ साली पुन्हा मिटले. खटले चालू असताही बंदी अमलात आणण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली. वर्षानुवर्षे चोख सेवा बजावणाऱ्यांनाही अध्यक्ष बदलला की आपले काय होणार, याची चिंता पडली. मर्जीने मिळालेला हक्क मर्जीनेच जातो, एवढा बोध आपण त्यातून घ्यावा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, तृतीयपंथीयांसाठी कसोटी सैल करू नये. नियम मात्र लेखी करावा. भरतीस कोणती चाचणी, उपचाराच्या काळात कोणते काम, राहण्याची व्यवस्था कशी, आणि सेवेत असताना कोणी आपली ओळख उघड केली तर बडतर्फीऐवजी कोणती वैद्यकीय तपासणी, हे त्यात स्पष्ट असावे. ज्याला सत्य लपवूनच नोकरी टिकवावी लागते, त्याच्याकडून आपण शिस्त आणि विश्वास यांची अपेक्षा करतो, हे विसंगत आहे.

पहाटे धावणाऱ्या त्या मुलांपैकी एखाद्याने उद्या माझ्यापुढे अर्ज ठेवून, "गुरुजी, या रकान्यात मी काय लिहू?" असे विचारले तर? पोलीसभरतीचा अर्ज असेल, तर आता मी काहीतरी सांगू शकेन. सैन्यभरतीचा असेल, तर "खोटे लिही" किंवा "घरी जा", एवढेच सांगणे माझ्या हाती उरते; आणि चाळीस वर्षे मुलांना खरे बोलावयास शिकविणाऱ्या माणसाला ही दोन्ही उत्तरे जड जातात.