एकेक शक्यता खोडत खऱ्या कारणापर्यंत

व्हिएन्नाचं जनरल हॉस्पिटल, १८४६. पहिल्या प्रसूती विभागात सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या, बहुतेक सूतिकाज्वराने. दुसऱ्या विभागात ३ टक्क्यांहून कमी. असं का?

डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी एकेक शक्यता तपासली:

🔸 दूषित हवा? दोन्हीकडे तीच.
🔸 गर्दी? ती दुसऱ्या विभागातच जास्त.
🔸 घंटा वाजवत जाणाऱ्या पाद्रीबुवांची धास्ती? त्यांचा रस्ता बदलला, मृत्यू थांबले नाहीत.

उरला एक फरक. दुसऱ्या विभागात सुईणी शिकत. पहिल्यातले डॉक्टर, विद्यार्थी मात्र शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. १८४७ मध्ये क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणं सक्तीचं झालं आणि मृत्यू झपाट्याने घटले.

‘यामुळेच झालं’ म्हणण्याआधी ‘आणखी कशामुळे झालं असेल?’ हे नक्की विचारा. दावा त्यानेच भक्कम होतो!