फुटते, पण कुठे?

91 ही मूळ संख्या आहे का? दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचानेही नाही. पाढे पाठ असलेली मुलंसुद्धा इथे चटकन 'हो' म्हणून मोकळी होतात. पण तेराचा पाढा म्हणा, सातव्या पायरीवर 91 हजर! म्हणजे ती संयुक्त संख्या.

आता जरा मोठी संख्या घेऊ: 14,75,73,95,25,89,67,64,12,927. मोजा, एकवीस अंक आहेत. 67 वेळा 2 मांडून सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून 1 वजा करायचा, की ही मिळते. मारँ मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने 1644 मध्ये अशा प्रकारच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिच्यात ही होती. यादी चुकली आहे हे कळायला दोनशेहून अधिक वर्षं लागली! 1876 मध्ये एदुआर लुकास या गणितज्ञाने दाखवून दिलं, की ही संख्या मूळ नाही, ती फुटते. मग कोणत्या दोन संख्यांत फुटते? ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

असं कसं होईल? भाग जाणारी संख्या सापडली नाही, तर भाग जातो हे कळणार कसं? नारळ न फोडताही आत पाणी आहे हे हलवून कळतंच ना? संख्यांनाही तसं हलवून बघता येतं. 7 घ्या. सात वेळा 2 मांडून गुणाकार करा: 128. त्यातून 2 वजा केले की 126, आणि 126 ला 7 ने नेमका भाग जातो. दोनाहून मोठ्या प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत हे घडतंच. आता 9 घ्या. 512 वजा 2 म्हणजे 510. नवाने भागलं तर बाकी उरते 6. झालं! 9 मूळ नाही हे सिद्ध झालं, आणि आपण 3 चं नावसुद्धा घेतलं नाही. मला ही गोष्ट दरवेळी नव्याने थक्क करते. (उलट बाजूने मात्र सावध राहा. 341 या परीक्षेत पास होते, पण ती आहे 11 गुणिले 31.) लुकासची परीक्षा वेगळी आणि जास्त अवघड होती, पण तिचा स्वभाव हाच.

फोडण्याचं काम केलं अमेरिकेच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी. ऑक्टोबर 1903, न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांची सभा भरली होती. असं सांगतात, की कोल काही न बोलता फळ्यापाशी गेले आणि त्यांनी ती एकवीस अंकी संख्या काढून दाखवली. मग शेजारी 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 लिहून त्यांचा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं सारखी! टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले, असंही म्हणतात. तेव्हा संगणक नव्हते, सगळी आकडेमोड हातानेच.

तरी वाटेल ती संख्या घेऊन भागून बघायची गरज नव्हती. या संख्येला भाग जाणारी प्रत्येक संख्या 134 च्या पटीपेक्षा 1 ने मोठी असावी लागते. (134 म्हणजे 67 ची दुप्पट.) बाकीच्या सगळ्या आपोआप बाद! पण कोलची लहान संख्या या रांगेत 14,45,580 व्या जागी बसते. एकेक करून तिथवर पोचायचं तर दमछाकच, म्हणून त्यांनी आणखी बारीक चाळण्या लावल्या.

आता वाटेल, संगणक आले, कोडी संपली. छे! 1,67,77,216 वेळा 2 मांडून गुणाकार करा आणि त्यात 1 मिळवा. 50,50,446 अंकांची संख्या होते. ती मूळ नाही, हे 1999 मध्ये संगणकाने सिद्ध झालं. तिला भाग जाणारी एकही संख्या, अर्थात 1 आणि ती स्वतः सोडून, आजवर कुणाला सापडलेली नाही.