मज्जापेशींतील मालवाहू प्रथिने

ठाणे, प्रतिनिधी

मध्य रेल्वेच्या रुळाला कोठे तडा गेला, की ठाणे, डोंबिवली, कल्याण सारेच खोळंबतात. आणि मार्ग जितका लांबचा, तितका त्याचा फटका मोठा. मज्जासंस्थेच्या काही आजारांतही असेच घडते. तेथे मालगाडीचे काम 'किनेसिन' नावाच्या कुलातील प्रथिने करतात. माणसात या कुलाची सुमारे ४५ जनुके आहेत.

मज्जापेशीची बहुतांश प्रथिने तिच्या मुख्य भागात तयार होतात. त्यांची गरज मात्र तंतूच्या टोकापर्यंत असते. कण्यापासून पावलापर्यंत जाणारे काही तंतू सुमारे एक मीटर लांब असतात. पेशीतील सूक्ष्मनलिकांवरून अक्षरशः पावले टाकत किनेसिन हा माल वाहून नेते. एक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते व त्यासाठी एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. सेकंदाला एक मायक्रोमीटर या वेगाने मीटरभर अंतरास साधारण बारा दिवस लागतात. परतीची वाहतूक मुख्यत्वे 'डायनिन' हे वेगळे प्रथिन सांभाळते.

रोनाल्ड वेल, थॉमस रीस व मायकेल शीट्झ यांनी १९८५ मध्ये माकुळाच्या जाड मज्जातंतूचा अभ्यास करताना किनेसिनचा शोध लावला. पुढे या कुलातील श्रमविभागणी स्पष्ट झाली. किनेसिन-१ ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाहते, तर किनेसिन-३ संदेशवाहक रसायनांच्या पिशव्यांसाठी लागणारी सामग्री. किनेसिन-२ गटातील एक प्रथिन स्मृतीशी निगडित ग्राहक-रेणू पोहोचवते.

मुंबईत कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म गोलकृमीच्या मज्जापेशींतील या वाहतुकीचा अभ्यास होतो. कृमीचे शरीर पारदर्शक असल्याने जिवंतपणीच माल सरकताना दिसतो. तंतूत काही जागी माल थांबून राहतो व मागून येणाराही तेथेच अडतो, असे या गटाने २०१८ मध्ये दाखवले. शोधनिबंधातही त्यासाठी 'वाहतूक कोंडी' हाच शब्द योजला आहे.

मात्र वाहक प्रथिनच सदोष असेल, तर परिणाम गंभीर होतात. केआयएफ५ए या एकाच जनुकाचे उदाहरण बोलके आहे. प्रथिनाच्या चालणाऱ्या भागात दोष असल्यास पाय ताठरणारा आनुवंशिक पक्षाघात उद्भवू शकतो. माल धरणाऱ्या शेपटीकडील दोषाचा संबंध 'एएलएस' या स्नायू दुर्बल करणाऱ्या जीवघेण्या आजाराशी असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. आनुवंशिक पक्षाघातात लांब तंतूंना प्रथम झळ बसत असल्याने लक्षणे पायांपासून सुरू होतात.

या दोषांवर मूलगामी उपचार अद्याप नाही. ताठरता कमी करणारी औषधे व व्यायामोपचार यांवरच भर असतो. तथापि कुलातील कोणता सदस्य आणि त्याचा कोणता भाग बिघडला, हे जनुकीय चाचणीतून कळू शकते. रुग्णाच्या कुटुंबाला आजाराचे नेमके नाव मिळते आणि संशोधकांना उपचाराची दिशा.