मूल घरातच राहावे म्हणून

सातारा जिल्ह्यातले लोणंद म्हटले की कांद्याची बाजारपेठ, नीरा ओलांडून आलेल्या माउलींच्या पालखीचा मुक्काम आणि पुणे-मिरज मार्गावरचे स्टेशन डोळ्यांपुढे येते. याच गावात हमाली, शेतमजुरी किंवा ऊसतोडीवर चालणाऱ्या घरातला कर्ता माणूस गेला, की मुलांचे काय करायचे हा प्रश्न तेराव्याच्या आतच निघतो. उत्तरही ठरलेले असते: ‘आश्रमात ठेवा, निदान दोन वेळचे खातील, शिकतील.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण बालगृहात पोचणाऱ्या पुष्कळ मुलांना आई किंवा बाप, निदान आजी-मामा तरी असतात. नसतो तो पैसा. दुखणे घराच्या मिळकतीचे आणि औषध मात्र मुलाला घरातून हलवण्याचे, असा हा उलटा न्याय आहे. तो सरळ करू पाहणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात आहे. तिला ना इमारत, ना फाटक, ना कोनशिला. म्हणूनच बहुधा तिचे नाव कुणाच्या तोंडी नसते.

योजनेचे काम साधे आहे. अनाथ, एकच पालक असलेल्या, आईबाप तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला कुटुंबातच ठेवायचे आणि त्याच्या खर्चासाठी दरमहा अनुदान द्यायचे. अर्ज आला की गृहचौकशी होते, आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती आदेश देते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. हे अनुदान अनेक वर्षे 425 रुपये होते, मग 1100 झाले आणि 2023 मध्ये 2250. एवढ्या पैशात मूल वाढत नाही हे खरेच. पण रोजंदारीच्या घरात वही, चप्पल आणि किराणा यांची ओढाताण त्याने सैल होते, आणि मुलाला घराबाहेर काढण्याचा विचार बहुतेक वेळा त्या ओढाताणीतूनच आलेला असतो. 2015 चा बाल न्याय कायदाही हेच सांगतो: संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय.

यामागे नुसता भावनेचा उमाळा नाही. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतल्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रशिक्षित कुटुंबांत पाठवले गेले. कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि जे लवकर गेले त्यांना जास्त लाभ झाला. तिथली अनाथालये फार वाईट होती, हा आक्षेप रास्त आहे. पण चांगल्या संस्थेतही दाई बदलते, पाळी संपते, आणि तान्ह्या जिवाला रोज तोच चेहरा लागतो.

साताऱ्यात कुणी लगेच विचारील, मग कर्मवीरांच्या बोर्डिंगचे काय? भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने दिले. त्या वसतिगृहाने पिढ्या घडवल्या यात शंका नाही. पण ती मुले शिकायला घर सोडून आली होती आणि बहुतेकांचे घर मागे शाबूत होते. शाळेसाठी वसतिगृह आणि आईबापांच्या जागी संस्था, यांत फरक केलाच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: पैसा दारूत गेला तर? घरातच मारहाण होत असेल तर? मारहाणीच्या घरात मूल ठेवा असे कुणीच म्हणत नाही. तिथे बालगृहच हवे, आणि चांगले हवे. गैरवापराची भीती खरी असली तरी तिच्यावर इलाज अनुदान बंद करणे हा नव्हे, घरी जाऊन पाहणारा कार्यकर्ता नेमणे हा आहे. बालगृहांच्या कारभारातही गैरप्रकार झाले आहेत, पण म्हणून कुणी सगळी बालगृहे बंद करा म्हटलेले नाही.

योजनेचा खरा दोष वेगळाच आहे. लोणंदच्या आजीला उत्पन्नाचा दाखला काढायचा तर तहसील खंडाळ्याला आणि समिती साताऱ्याला, म्हणजे दोन दिशा आणि दोन रोज बुडाले. मृत्यू दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे खाते जमवता जमवता ती थकते, आणि आश्रमाचा पर्याय पुन्हा सोपा वाटू लागतो. नगरपंचायतीने आठवडे बाजाराच्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या माणसाला बसायला एक टेबल दिले, तरी यातले निम्मे हेलपाटे वाचतील. तोवर हे काम शेजाऱ्यांनी, शाळेतल्या गुरुजींनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी करायचे आहे. तुमच्या आळीत असे मूल असेल तर आश्रमाचा पत्ता शोधण्याआधी त्याच्या आजीचा अर्ज भरून द्या. आणि मूल संकटात असेल तर 1098 हा क्रमांक फिरवा.